बर्लिनमध्ये फिरताना: ऊ-बान, एस-बान, ट्रॅम, बस आणि तिकिटं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिनला नव्याने आलेले विद्यार्थी, नोकरीसाठी आलेली कुटुंबं आणि मुलांकडे उन्हाळ्यात तीन महिने राहायला आलेले आई-बाबा, हे तिघं मला वर्षभर जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मी डोंबिवलीत वाढलेली, त्यामुळे लोकलशी तुलना अधूनमधून येणारच. ती चालवून घ्या.

स्टेशनवर गेटच नाही. म्हणजे तिकीट लागत नाही का?

लागतं. मुंबईच्या लोकललाही गेट नसतं, पण तिथे पुलावर काळ्या कोटातला टीसी लांबूनच दिसतो. इथला तपासनीस साध्या कपड्यात असतो. जीन्स, पाठीवर सॅक, हातात कॉफी. दारं बंद झाली की तो खिशातून ओळखपत्र काढतो आणि डब्यात तिकीट तपासणी सुरू होते. तिकीट नसेल तर ६० युरो दंड. 'नवीन आहे', 'मशीन कळलं नाही', 'ॲपमध्ये आत्ता काढतो' ही तिन्ही वाक्यं त्याने त्या दिवशी बहुतेक दहा वेळा ऐकलेली असतात. ॲपवरचं तिकीटही गाडीत चढण्याआधी घेतलेलं हवं.

एकच सवलत आहे. तुमच्या नावाचा पास आहे पण घरी राहिला, असं झालं तर तो नंतर दाखवून दंड अगदी थोड्या रकमेवर येतो. नाव नसलेल्या, कुणालाही वापरता येणाऱ्या पासला ही सवलत नाही.

तिकीट काढलं होतं, तरीही दंड झाला. हे कसं?

बहुधा शिक्का मारायचा राहिला. मशीनमधून आलेल्या कागदी तिकिटावर सहसा वेळ छापलेली नसते. फलाटावर छोटी पेटी असते, एस-बानला लाल आणि ऊ-बानला पिवळी. तिच्यात तिकिटाचं टोक सरकवलं की 'टक्' आवाज होऊन तारीख-वेळ उमटते. तिथून तिकीट सुरू. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, असा हिशेब आहे. माझे पहिले ६० युरो असेच गेले. पर्समध्ये कोरं करकरीत तिकीट होतं आणि मी ते मोठ्या अभिमानाने पुढे केलं होतं.

बस आणि ट्रॅममध्ये ही पेटी गाडीच्या आत असते. मासिक पास किंवा डॉइचलांड-टिकेट (सगळ्या जर्मनीत चालणारं महिन्याचं तिकीट, त्याबद्दल पुढे) यांना शिक्का लागत नाही.

ऊ-बान आणि एस-बान यांत फरक काय?

निळ्या चौकोनात पांढरा U दिसला की ऊ-बान, हिरव्या गोलात पांढरा S दिसला की एस-बान. आणि हो, 'यू' नाही, 'ऊ'. 'यू-बान कुठे आहे' असं विचारलंत तरी लोक समजून घेतात, पण 'ऊ' म्हटलं की उत्तर लवकर मिळतं.

ऊ-बान म्हणजे मेट्रो, १९०२ पासूनची. नऊ मार्ग, ऊ१ ते ऊ९. नाव 'भुयारी' असलं तरी ऊ१ आणि ऊ२ बऱ्याच अंतरावर रस्त्याच्या वर, लोखंडी खांबांवरून धावतात. वार्शाउअर श्ट्रासेहून श्लेझिशेस टोअरला जाताना ऊ१ श्प्रे नदीवरच्या लाल विटांच्या ओबरबाउम पुलावरून जाते. दोन मिनिटांचा प्रवास, पण पाहुण्यांना मी आधी तोच घडवते.

एस-बान म्हणजे आपली लोकल. दूरच्या उपनगरांपर्यंत जाते, स्टेशनं जास्त अंतरावर. मात्र फास्ट-स्लो भानगड नाही, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. चौथ्या सीटसाठी 'जरा सरका' म्हणण्याचीही सोय नाही.

तिकीट दोन्हीकडे एकच चालतं, बस आणि ट्रॅमलाही तेच. मात्र चालवणारे वेगळे आहेत. ऊ-बान, ट्रॅम, बस आणि होड्या शहराच्या मालकीची बीव्हीजी चालवते. एस-बान डॉइचं बानची, म्हणजे इथल्या रेल्वेची उपकंपनी आहे. ही माहिती निरुपयोगी वाटेल, पण संपाच्या दिवशी तिची किंमत कळते. पुढे येईलच.

ए, बी, सी झोन म्हणजे काय? मला कोणता हवा?

नकाशावर शहराभोवती एस-बानचं एक वर्तुळ दिसतं. ते रिंगबान. तिच्या आतला भाग ए, तिथपासून शहराच्या हद्दीपर्यंत बी, हद्दीबाहेर सी. झोनची तिकिटं जोडीनेच मिळतात, आणि रोजच्या फिरण्याला एबी पुरतं. सी लागतो तो मुख्यतः तीन ठिकाणी: विमानतळ, पोट्सडाम आणि ओरानियनबुर्ग. पोट्सडामचे राजवाडे आणि ओरानियनबुर्गजवळचं साक्सनहाउझन छळछावणीचं स्मारक बघायला पर्यटक जातातच, त्यामुळे तपासनीसही त्या गाड्यांत हमखास भेटतात. एबीचा पास असेल तर फक्त सीपुरतं जोडतिकीट वेगळं मिळतं. पूर्ण एबीसी काढायची गरज नाही.

एका फेरीचं तिकीट किती वेळ चालतं? त्यावर परत येता येतं का?

शिक्का मारल्यापासून दोन तास, आणि एकाच दिशेने. वाटेत कितीही वेळा गाडी बदला, मध्ये उतरून दूध-ब्रेड घ्या, पण परत फिरायचं नाही. गोल फिरून निघालो तिथेच यायचं, तेही नाही. २०२६ मध्ये एबीचं हे तिकीट ४ युरोला आहे.

अगदी जवळ जायचं असेल तर 'कुर्त्सश्ट्रेक' मागा. ऊ-बान किंवा एस-बानने तीन थांबे, नाहीतर बस-ट्रॅमने गाडी न बदलता सहा थांबे. चौथ्या थांब्याला तुम्ही विनातिकीट होता, तेव्हा बोटं मोजून चढा.

दिवसभर हिंडायचं असेल तर २४ तासांचं तिकीट घ्या. तेच पाच जणांच्या गटासाठीही मिळतं. आई-बाबा, सासू-सासरे आणि तुम्ही असे पाच जण निघालात तर याच्याइतकं स्वस्त काही नाही.

डॉइचलांड-टिकेट घ्यावं का?

महिनाभर किंवा जास्त राहणार असाल तर घ्याच. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. सगळ्या जर्मनीतल्या शहर बस, ट्रॅम, मेट्रो, एस-बान आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. सी झोनही त्यात आला. शनिवारी सकाळी आरई ५ ही प्रादेशिक गाडी पकडून रोश्टॉकला, म्हणजे थेट बाल्टिक समुद्राजवळ जाऊन संध्याकाळी परत येता येतं, वेगळा छदाम न देता. आयसीई, आयसी आणि खासगी लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही.

आता गोम. हे तिकीट नव्हे, वर्गणी आहे. तुम्ही रद्द करेपर्यंत दर महिन्याला पैसे कापले जातात, आणि या महिन्याअखेर थांबवायचं असेल तर साधारणपणे १० तारखेच्या आत कळवावं लागतं. आई-बाबांसाठी घेतलंत तर ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी फोनमध्ये रद्द करण्याची आठवण लावा. ते भारतात परत जाऊन दिवाळीचा फराळ करत असतात आणि इथे ६३ युरो जातच राहतात, असं मी दोन घरांत पाहिलं आहे.

तिकीट एकाच्याच नावावर असतं, सोबत कुणाला नेता येत नाही, आणि तपासणीत ओळखपत्र मागतात. आई-बाबांच्या पासपोर्टचा निदान फोटो त्यांच्या फोनमध्ये ठेवा. खरा पासपोर्ट जवळ असेल तर वादच नाही.

विद्यार्थ्यांनो, आधी विद्यापीठाची सेमेस्टर फी नीट वाचा. तिच्यातच हे तिकीट सवलतीच्या दराने धरलेलं असू शकतं. त्यावर पुन्हा विकत घेणारे दर वर्षी दोन-चार सापडतातच.

इंटरनेटवर ९ युरोचं आणि २९ युरोचं तिकीट वाचलं. कुठे मिळेल?

कुठेच नाही. ९ युरोचं तिकीट २०२२ च्या उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट असे तीनच महिने होतं. २९ युरोचा बर्लिनपुरता पास २०२४ मध्ये आला आणि त्याच वर्षाअखेर त्याची विक्री बंद झाली. जुन्या पोस्ट अजून फिरत असतात.

विमानतळावरून शहरात कसं यायचं?

बीईआर विमानतळ ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि रेल्वे स्टेशन टर्मिनल १ च्या बरोबर खाली आहे. लिफ्टने उतरा की फलाट. टॅक्सीवाल्यांकडे बघूही नका.

तिकीट एबीसी. हे पुन्हा सांगते, कारण एबी काढून बसण्याची चूक सगळ्यात जास्त याच प्रवासात होते.

प्रादेशिक गाडी मिळाली तर ती घ्या, थांबे कमी आणि सामानाला जागा जास्त. तिला विमानतळाची गाडी म्हणून वेगळं भाडं नाही, साधं एबीसी तिकीटच चालतं. एस९ सावकाश येते, पण ओस्टबानहोफ, आलेक्झांडरप्लात्स, हाउप्टबानहोफ, त्सो अशी सगळी मोठी स्टेशनं घेत श्पांडाउपर्यंत जाते. नॉयक्योल्न भागात राहणाऱ्यांनी एक्स७ बसने रुडोला यावं, तिथून ऊ७.

आई-बाबा चुकीच्या ठिकाणी पोचले. नावं इतकी सारखी का?

याचं उत्तर थोडं लांबवते, कारण फोनवरून 'आम्ही नेमके कुठे आहोत गं?' हा प्रश्न ऐकण्याचा मला पुष्कळ अनुभव आहे.

ओरानियनबुर्गर श्ट्रासे हे शहराच्या मध्यातलं एस-बान स्टेशन. ओरानियनबुर्गर टोअर हे तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचं ऊ६ चं स्टेशन. आणि नुसतं ओरानियनबुर्ग हे वेगळं गाव, शहराबाहेर उत्तरेला, सी झोनमध्ये. गंमत अशी की एस१ गाडी ओरानियनबुर्गर श्ट्रासेवरून जाते आणि ओरानियनबुर्गला संपते. गाडीच्या कपाळावर शेवटच्या स्टेशनचं नाव असतं. बाबा ते वाचून म्हणतात, 'बरोबर गाडी आहे', आणि शेवटपर्यंत बसून राहतात.

तसंच पोट्सडामर प्लात्स आणि पोट्सडाम. पहिलं शहराच्या पोटात, दुसरं शेजारच्या राज्याची राजधानी. श्योनेबर्ग, श्योनेवाइडं आणि श्योनेफेल्ड ही तीन वेगळी ठिकाणं आहेत, आणि विमानतळाशेजारचं फक्त तिसरं. फ्रांकफुर्टर टोअर आणि फ्रांकफुर्टर आले एकाच ऊ५ वर आहेत, पण एकच स्टेशन नव्हेत.

यावर माझा उपाय जुनाच आहे. घराजवळच्या स्टेशनचं पूर्ण नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवायचं, खाली रेघ मारून गाडीचा क्रमांक. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही. उच्चारासाठी एवढं पुरे: Z म्हणजे 'त्स', ei म्हणजे 'आय', शब्दाच्या सुरुवातीचा St म्हणजे 'श्ट', W म्हणजे आपला 'व'. म्हणून प्राणिसंग्रहालयाजवळचं स्टेशन 'झू' नाही, 'त्सो'.

रिंगबानमध्ये कोणत्या बाजूने बसायचं?

एस४१ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, एस४२ उलटी. सुमारे ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, पूर्ण फेरीला एक तास. चुकीच्या बाजूने बसलात तरी शेवटी पोचताच, तेवढाच उशीर. थंडीत नव्या माणसाने एकदा खिडकीशी बसून पूर्ण फेरी मारावी, शहराची रचना डोक्यात बसते. नकाशावर या वर्तुळाचा आकार कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो, आणि बर्लिनकर त्याला तेच म्हणतात.

पूर्वेकडे जिकडेतिकडे ट्रॅम, पश्चिमेकडे जवळजवळ नाहीच. का?

फाळणीमुळे. शहर दोन राज्यव्यवस्थांत वाटलेलं असताना पश्चिम बर्लिनने ट्रॅम मोडीत काढून बस आणि ऊ-बान वाढवली. तिथली शेवटची ट्रॅम १९६७ मध्ये धावली. पूर्वेने ट्रॅम ठेवली. आज प्रेन्त्सलाउअर बेर्ग किंवा फ्रीडरिशहाइनमध्ये राहणाऱ्याचं ट्रॅमशिवाय पान हलत नाही आणि शार्लोटेनबुर्गमधला माणूस महिनोन्महिने ट्रॅममध्ये पाय ठेवत नाही. भिंत पाडल्यावर रूळ हळूहळू पश्चिमेकडे सरकत आहेत. २०२३ मध्ये एम१० टुर्मश्ट्रासेपर्यंत पोचली.

गंमत म्हणजे जगातली पहिली विजेवरची ट्रॅम १८८१ मध्ये लिष्टरफेल्डला धावली होती, आणि लिष्टरफेल्ड आजच्या बर्लिनच्या पश्चिम भागात येतं.

फाळणीच्या खुणा भुयारातही आहेत. पश्चिमेच्या ऊ६ आणि ऊ८ गाड्या मध्ये पूर्व बर्लिनच्या खालून जात. तिथली स्टेशनं बंद, अंधारी, पहाऱ्यात. गाडी न थांबता हळू सरकत जायची. लोक त्यांना भुताटकीची स्टेशनं म्हणत. यानोवित्सब्र्यूक हे ११ नोव्हेंबर १९८९ ला, म्हणजे भिंत उघडल्यावर दोनच दिवसांत, सगळ्यांत आधी सुरू झालं. नोर्डबानहोफ या एस-बान स्टेशनात या विषयाचं प्रदर्शन आहे. वेगळं प्रवेशशुल्क नाही, गाडी बदलता बदलता बघून होतं.

रात्री उशिरा गाड्या मिळतात का?

शुक्रवार-शनिवारी रात्रभर ऊ-बान आणि एस-बान चालतात. एरवी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ऊ-बान बंद होते आणि पहाटे चार-साडेचारला पुन्हा सुरू. मधल्या वेळात एन अक्षराच्या रात्रबस. क्रमांक लक्षात ठेवायला सोपे: ऊ८ च्या मार्गावर एन८, ऊ९ च्या मार्गावर एन९. ज्या ट्रॅम आणि बसच्या आकड्याआधी एम आहे त्या चोवीस तास धावतात.

एकट्या मुलींचे आईवडील नेहमी विचारतात, म्हणून सांगते. मी रात्री एकटी प्रवास करते. कॉटबुसर टोअरसारख्या एखाद्या स्टेशनवर नशेतली माणसं दिसतात, तिथे रेंगाळत नाही आणि डब्यात चार माणसं असतील तिथे बसते. फलाटावर मदतीचा खांब असतो, बटण दाबलं की माणूस बोलतो. पोलिसांचा नंबर ११०.

संप म्हणजे सगळं बंद?

नाही, आणि इथेच ते दोन मालक आठवायचे. बीव्हीजीच्या कर्मचाऱ्यांचा संप असेल तर ऊ-बान, ट्रॅम आणि बहुतेक बस बंद, पण एस-बान आणि प्रादेशिक गाड्या चालू. रेल्वे कर्मचाऱ्यांचा असेल तर नेमकं उलटं. संप सहसा आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी जाहीर होतो. घर बघताना शक्य असेल तर दोन्हींपैकी एकेक स्टेशन चालत जाण्याजोगं आहे ना, ते पाहा. घरमालक हे जाहिरातीत लिहीत नाहीत.

घोषणा कळत नाहीत. किमान कोणते शब्द यायला हवेत?

'त्सुर्युकब्लायबन, बिटं' म्हणजे मागे व्हा, दारं लागतात. धावत येऊन लटकण्याची सवय इथे सोडा. 'आउसश्टीग लिंक्स' म्हणजे उतरायचं डावीकडे, 'रेश्ट्स' उजवीकडे. 'एरझात्सफेरकेअर' ऐकलंत की नि:श्वास टाका, कारण पुढचा टप्पा रेल्वेऐवजी बसने करायचा आहे. 'पेंडेलफेरकेअर' म्हणजे एकच गाडी त्या तुकड्यावर येजा करते आहे. आणि 'निश्ट आइनश्टायगन' म्हणजे या गाडीत चढू नका. ती कारशेडला निघालेली असते.

उन्हाळ्यात रुळांची कामं जोरात असतात. निघण्याआधी बीव्हीजीच्या ॲपमध्ये एकदा बघाच.

बसमध्ये चढायची काही पद्धत आहे का?

पुढच्या दाराने चढा, चालकाला तिकीट दाखवा. बसमध्ये तिकीट घ्यायचं तर कार्ड लागतं, रोख चालत नाही. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची मधल्या दाराने. उतरण्याआधी 'स्टॉप'चं बटण दाबा.

पाहुण्यांना १०० क्रमांकाची बस दाखवा, त्सो ते आलेक्झांडरप्लात्स. १९९० मध्ये दोन्ही बर्लिन जोडण्यासाठी सुरू झाली. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर पर्यटकांच्या महागड्या बसची गरज उरत नाही.

गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. कसं करायचं?

बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट आहे, प्रश्न ती चालू आहे का हा असतो. ब्रोकनलिफ्ट्स नावाच्या संकेतस्थळावर बंद पडलेल्या लिफ्टची यादी मिळते. आईला नेताना मी आधी तेच उघडते. शक्यतो बस आणि खालच्या पायरीची ट्रॅम निवडा. हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनवर गाड्या दोन मजल्यांवर लागतात, खाली फलाट १ ते ८, वर ११ ते १६. एस-बान वर १५-१६ ला, ऊ५ जमिनीखाली. तिथे गाडी बदलायला वेळ हाताशी ठेवा. पाच मिनिटांची जोडगाडी ज्येष्ठांना झेपत नाही.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

लहान मुलं, बाबागाडी, सायकल?

सहा वर्षांखालची मुलं फुकट, बाबागाडीही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सवलतीचं तिकीट. सायकलला ऊ-बान, एस-बान आणि ट्रॅममध्ये वेगळं तिकीट लागतं, डॉइचलांड-टिकेट असलं तरी. दिवसाच्या बसमध्ये सायकल घेत नाहीत.

होडीत बसायला वेगळे पैसे पडतात का?

नाही! वान्झे ते क्लाडो ही एफ१० होडी साध्या एबी तिकिटावर किंवा पासवर चालते. तासाला एक, साधारण वीस मिनिटं, पांढरी शिडं आणि बदकं. एस१ किंवा एस७ ने वान्झेला उतरायचं आणि उतार उतरून धक्क्यावर जायचं. क्लाडोला कॉफी प्यायची. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा पाहुण्यांना घेऊन कुठे जायचं हा प्रश्न यानेच सुटतो.

छत्री गाडीत राहिली. मिळेल का?

मिळण्याची आशा आहे, पण योग्य खिडकीवर गेलात तर. ऊ-बान, बस किंवा ट्रॅममध्ये राहिली असेल तर बीव्हीजीच्या हरवलं-सापडलं विभागाकडे. एस-बानमध्ये राहिली असेल तर रेल्वेच्या विभागाकडे. एकाची यादी दुसऱ्याला दिसत नाही. तेव्हा आधी आठवा, ज्या स्टेशनवर उतरलात तिथली पाटी निळी चौकोनी होती की हिरवी गोल.